पुसून न जाणारं कुंकू

माझ्या भाचीने २०२३ साली म्हापशात एक खोली भाड्याने घेतली आणि बोर्ड रंगवायला देण्याआधी मला फोन केला. "मावशे, बोर्डार मराठीन कितें बरोवंया?" तिचा धंदा परमनंट मेकअपचा. भुवया, ओठ आणि पापणीची कड यांत सुईने रंग भरायचा. तो वर्ष-दोन वर्षं, कधी तीन वर्षंही टिकतो. मी सारा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात घालवलेला, त्यामुळे घरातली असली कोडी माझ्याच पदरात पडतात. मी पटकन सांगितलं, 'कायमस्वरूपी रंगभूषा'. ती खो खो हसली. म्हणाली, "काल्याच्या नाटकांचे मेकअपमन इथे मिळतात असं वाटेल लोकांना. जत्रांच्या दिवसांत दारात रांग लागेल!" आमच्या गोव्यात हे अगदी होऊ शकतं.

मग मी म्हटलं, "गोंदण लिही."

पलीकडे क्षणभर शांतता. "मावशे, गोंदण म्हटलं तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही."

फोन ठेवला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण त्या धंद्याचं खरं नाव तेच आहे. ज्या नावाने पोरीला गिऱ्हाईक तुटण्याची भीती वाटते, ते नाव माझ्या आजीच्या कपाळावर होतं.

आजीच्या दोन भुवयांच्या मध्ये मसुराच्या डाळीएवढा हिरवट ठिपका होता. हनुवटीवर एक बारीक टिंब आणि उजव्या मनगटावर तुळशीचं वृंदावन. १९३० च्या आसपास, ती आठ वर्षांची असताना, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते गोंदवलं. आई आणि शेजारची एक बाई, दोघींनी हात-पाय धरले. घाटावरून आलेली गोंदणारीण गाणं म्हणत होती आणि आजी बोंब मारत होती. मोबदला दोन शेर तांदूळ आणि एक जुनं लुगडं. आजी हे हसत हसत सांगायची, पण सांगताना तिचा हात कपाळाकडे जायचाच.

१९४८ साली आजोबा गेले. आजी सव्वीस वर्षांची. बांगड्या फुटल्या, मंगळसूत्र गेलं, कुंकू पुसलं. आणि कुंकवाच्या खालून तो ठिपका वर आला! तो पुसता येईना. जमलेल्या बायकांना काय करावं कळेना. शास्त्राने सांगितलेलं सगळं यथासांग झालं आणि तरीही बाईचं कपाळ मोकळं दिसत नव्हतं. शेवटी कोणीतरी तोड काढली की तिने रोज त्यावर विभूती लावावी. तिने ती कित्येक वर्षं लावली. मला आठवते ती आजी मात्र बिनविभूतीची. कधी थांबवली आणि का, हे मी विचारलं नाही. एकदा फक्त, कोणीतरी डिवचल्यावर ती म्हणाली होती, "सुयेन घाल्लां तें. पुसून वचना." १९८७ साली ती गेली तेव्हा तिच्या अंगावर दागिना असा एवढाच होता.

आता या सुईबद्दल. गोंदणाची शाई म्हणजे काजळ. तेलाच्या दिव्यावर भांडं पालथं धरून जमवलेलं. ते पाण्यात, दुधात किंवा एखाद्या पाल्याच्या रसात कालवायचं. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, कातडीत टोचत जायचं आणि वर हळद चोपडायची. हे काम ठरावीक भटक्या जमातींच्या बायकांकडे असे. एडगर थर्स्टन याने १९०९ साली दक्षिण भारतातल्या जातीजमातींवर सात खंड प्रसिद्ध केले, त्यांत कोरवा बायकांच्या गोंदणाची माहिती आहे. आपल्याकडचे कैकाडी त्यांचेच भाऊबंद मानले जातात. बेळगावकडच्या वाचकांनी कानडीतला 'हच्चे' हा शब्द ऐकला असेल, तो याचाच. या बायकांना शाळा नव्हती. लेक आईच्या मांडीशी बसून बघायची आणि बघून शिकायची. किती खोल टोचावं याचं ज्ञान त्यांच्या बोटांत होतं.

ही खोलीच या साऱ्या विद्येचा गाभा आहे. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा येतो. रंग तिथेच राहिला तर त्याच्याबरोबर निघून जातो. त्याखालच्या थरात, म्हणजे पृष्ठभागापासून जेमतेम मिलिमीटरभर खाली पोचला तर टिकतो. त्याहून खोल गेला तर पसरतो, निळा दिसू लागतो. काजळ तर काळं, मग गोंदण हिरवं-निळं का? कातडी एखाद्या दुधी काचेसारखी वागते. तांबडा प्रकाश आत शिरून काळ्या रंगात गडप होतो आणि निळा बराचसा वाटेतूनच माघारी फिरतो. आजीच्या कपाळाचा हिरवटपणा शाईचा नव्हता, तिच्या स्वतःच्या कातडीचा होता.

आणि तो टिकतो कसा? अगदी अलीकडेपर्यंत समज असा होता की रंगाचे कण पेशींनी एकदा गिळले की त्या जन्मभर तिथेच बसून राहतात. २०१८ साली फ्रान्समध्ये मार्से इथल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की तसं नाही. रंग गिळलेल्या पेशी मरतात, रंग सांडतो, आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी तोच रंग पुन्हा गिळतात. ठिपका हलत नाही, राखणदार बदलत राहतात.

गोंदण माणसाला फार जुनं आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर ६१ खुणा मोजल्या गेल्या आहेत, बऱ्याचशा सांधे आणि पाठ इथे, म्हणजे बहुधा दुखण्यावरचा उपाय. पण चेहऱ्याची शोभा म्हणून गोंदणाचं ठळक उदाहरण पाहायचं तर जपानच्या उत्तरेकडच्या ऐनू बायकांचं. त्या ओठांभोवती काजळीने रुंद निळसर-काळी कड गोंदवून घेत. मुलगी लहान असताना सुरुवात, लग्नापर्यंत ती पूर्ण. आजच्या 'लिप टिंट'ची आजीच म्हणा ना! १८७१ साली जपानी अंमलदारांनी त्यावर बंदी घातली. रानटी चाल म्हणून.

गंमत बघा, त्यानंतर दहाच वर्षांनी, १८८१ साली, इंग्लंडचा राजपुत्र, पुढचा पाचवा जॉर्ज, त्याच जपानात जाऊन हातावर ड्रॅगन गोंदवून आला. त्याच्या बापाने १८६२ साली जेरुसलेममध्ये क्रूस गोंदवून घेतला होता. राजघराण्याने केलं की ती फॅशन होते, ऐनू बाईने किंवा आमच्या आजीने केलं की मागासपणा. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर सदरलंड मॅकडोनाल्ड नावाचा गृहस्थ उच्चभ्रूंना गोंदायचा आणि त्याने विजेच्या यंत्राचं पेटंट १८९४ साली घेतलं. त्याच्याआधी, १८९१ साली, न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली याने अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. त्या यंत्राचं मूळ एडिसनच्या १८७६ च्या विजेच्या लेखणीत. कागदावर भराभर भोकं पाडून त्यातून शाईच्या प्रती काढायच्या, यासाठी ती लेखणी होती, म्हणजे कचेरीतलं साधन. कारकुनाच्या हातातली वस्तू अशी कातडीवर आली. बोडगेश्वराच्या जत्रेत आमच्या लहानपणी बॅटरीवर गुरगुरणारं यंत्र घेऊन नावं गोंदणारे बसायचे, ते याच लेखणीचे वंशज.

हाच मॅकडोनाल्ड १९०२ च्या सुमाराला बायकांच्या गालांवर बारमाही गुलाबी छटा भरून द्यायला लागला. परमनंट मेकअपचा लेखी इतिहास बहुतेक जण तिथून सुरू करतात. पुढे १९३० च्या दशकात याची लाट आली. तेव्हाचा लंडनचा नामांकित टॅटूवाला जॉर्ज बर्चेट. त्याच्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर, १९५८ साली पुस्तकरूपाने आल्या. त्यांत एक गोष्ट आहे, जी वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ गप्प बसले. ब्युटी पार्लरवाले कित्येक बायकांना हे टॅटू आहे हे सांगतच नसत! 'कांतीवरचा उपचार', वनस्पतीचा रंग त्वचेखाली सोडतो, एवढंच सांगत. बाई घरी जायची ती आपल्या चेहऱ्यावर गोंदण घेऊन, आणि तिला त्याचा पत्ता नाही.

म्हणजे १९३० साली म्हापशाच्या बाजारात आठ वर्षांच्या मुलीचे हात-पाय धरले जात होते आणि त्याच दशकात लंडनच्या गालिचा घातलेल्या खोलीत मडमेला गोड बोलून फसवलं जात होतं. मला तरी यात डावं-उजवं करता येत नाही. किंबहुना आमच्या आजीला निदान माहीत होतं की आपल्याला गोंदलं जातंय.

या विद्येची दुसरी एक धार वैद्यकातून आली. बुबुळावरचा पांढरा डाग रंगवून झाकण्याची खटपट रोमन काळातल्या गॅलनपासून सांगतात. १८६९ साली फॉन वेकर या नेत्रवैद्याने ते काम सुई आणि काळ्या शाईने केलं. १९७५ साली स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर स्तनाग्राभोवतीचं वर्तुळ गोंदून उभं करण्याची रीत वैद्यकीय नियतकालिकात आली. आणि १९८४ साली जिओरा अँग्रेस या अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञाने पापणीच्या कडेला कायमचं आयलायनर भरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, ज्यांना बाजारातल्या मेकअपची अॅलर्जी आहे, अशा बायकांना त्याचा मोठा उपयोग झाला. आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ ओठांवरच्या कोडावर अशा रीतीने रंग भरतात. कोडाचा डाग ओठावर आला की औषधाला सहजी दाद देत नाही, आणि ओठावरचा तो पांढरा ठिपका मुलीच्या लग्नात काय काय करतो हे मी वेगळं सांगायला नको.

डॉक्टरांच्या हातून ही सुई लवकरच ब्युटी पार्लरमध्ये गेली आणि मग प्रश्न उभा राहिला, शिकवायचं कोणी आणि किती? अमेरिकेत १९९० साली व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली, तिने पायाभूत शिक्षणासाठी १०० तासांचं माप ठरवलं. आमच्या भाचीचा पहिला 'कोर्स' दोन दिवसांचा होता! एका मोठ्या शहरातल्या एका अकादमीत. पहिल्या दिवशी रबराच्या खोट्या कातडीवर भुवया, दुसऱ्या दिवशी दुपारी एका जिवंत बाईची एक भुवई, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि हारतुरे. पैसे मात्र भरभक्कम. ती घरी आली ती रडवेली होऊन. म्हणाली, "मावशे, त्या बाईची दुसरी भुवई दुसऱ्या मुलीने केली. दोन्ही भुवया दोन दिशांना. आणि तिला सांगितलं, सूज उतरली की सारख्या होतील."

त्यानंतर ती जवळजवळ वर्षभर एका अनुभवी बाईंच्या हाताखाली राहिली. फुकट. फरशी पुसण्यापासून. आधी महिनोन्‌महिने नुसतं बघणं. (आईच्या मांडीशी बसलेली गोंदणारणीची लेक मला इथे दिसते, पण भाचीला हे सांगितलं की ती कपाळाला आठ्या घालते.) तिने मला तिच्या वह्या दाखवल्या. भुवया आखण्यासाठी शाईत बुडवलेला दोरा वापरतात, सुतार फळीवर सूत मारतो तसा. गिऱ्हाइकाला निजवून आखायचं नाही, बसवून आखायचं, कारण निजल्यावर चेहरा मागे ओघळतो. ज्याला केलॉइड म्हणजे व्रणाची गाठ उठते त्याला हात लावायचा नाही. ओठावर पूर्वी पुटकुळ्यांची नागीण उठली असेल तर आधी डॉक्टरकडे धाडायचं, सुईने ती पुन्हा उठते. रंग आधी थोडा टोचून बघायचा. सुई एकदाच वापरायची आणि गिऱ्हाइकासमोर पाकीट फोडायचं. बाजारातली ती एक जुडी किती कपाळांतून फिरली असेल याचा विचार आता केला तर अंगावर काटा येतो. कावीळ तेव्हाही होतीच.

रंगांची वही वेगळी. तपकिरी आणि तांबूस छटा लोखंडाच्या गंजाच्या, काळी काजळीची, पांढरी टायटॅनियमची. काजळी जास्त असलेली भुवई काही वर्षांनी निळसर राखाडी होते, गंज जास्त असेल तर लालसर. निळसर झालेली दुरुस्त करायची तर तीत नारिंगी भरायचं. २०१० च्या दशकात जगभर गाजलेल्या मायक्रोब्लेडिंगमध्ये तर यंत्रच नसतं. दांड्याला बसवलेल्या सुयांच्या ओळीने एकेक केस हाताने कोरायचा. म्हणजे एडिसनच्या लेखणीला वळसा घालून आपण पुन्हा सुयांच्या जुडीपाशी आलो.

रंगांनी दगाही दिलेला आहे. अमेरिकेत २००३ आणि २००४ मध्ये परमनंट मेकअपच्या काही छटांमुळे सूज, चिरा, गाठी अशा तक्रारी केलेल्या लोकांची संख्या दीडशेच्या वर गेली आणि त्या शाया परत घ्याव्या लागल्या. युरोपने जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि परमनंट मेकअपच्या शायांतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आणल्या. दक्षिण कोरियाची तऱ्हा तर आणखी निराळी. भुवया गोंदणं हे डॉक्टरचं काम, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली दिला. देश भुवयांच्या फॅशनसाठी जगप्रसिद्ध झाला आणि त्या भुवया करणाऱ्या हजारो बायका कायद्याने गुन्हेगार! सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने डॉक्टर नसलेल्यांनाही परवाना देणारा कायदा संमत केला, आणि तो अमलात यायला दोन वर्षांची मुदत ठेवली. सुई कोणाच्या हातात शोभते, हा वाद असा तेहतीस वर्षं चालला.

आता मूळ गोष्टीकडे येते. गेल्या पावसाळ्यात मी भाचीच्या खोलीत बसले होते. पेडण्याकडची एक बाई आली. साठीच्या पुढची, नऊवारीतून नुकतीच पाचवारीत आलेली असावी अशी. कपाळावर ठिपका, हनुवटीवर तीन टिंबं. मी बघतच राहिले. तिने सरळ विषयाला हात घातला. झिलाचं लग्न, सून शहरातली, व्याही मोठ्या हुद्द्यावरचे. "फोटोंत हें दिसचें न्हय. कातीच्या रंगान पुसून उडय." कातडीच्या रंगाची शाई तुमच्याकडे असते म्हणून ऐकलंय, ती वर भरा. हवे तेवढे पैसे देते.

भाची नव्या धंद्यातली, खोलीचं भाडं डोक्यावर. तिने नाही म्हटलं. आणि का ते बाईला समजेल अशा भाषेत सांगितलं, तेव्हा मला तिचं वर्षभर फरशी पुसणं कळलं. कातडीच्या रंगाची शाई गोंदणावर बसत नाही, दोन्ही एकाच थरात मिसळतात आणि काही दिवसांनी डाग राखाडी दिसतो. त्यात आणखी एक गोम आहे. गोंदण लेसरने काढता येतं. रंग तेवढा फुटावा आणि भोवतीची कातडी वाचावी, हे तत्त्व अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ साली मांडलं. पण दहा वर्षांनी, १९९३ साली, याच अँडरसनने सहकाऱ्यांसह इशारा दिला की कातडीच्या, ओठांच्या फिक्या छटा लेसर लागताच काळ्या पडू शकतात. त्यांतला गंज आणि टायटॅनियम लेसरने बदलतो. म्हणजे आज झाकायला भरलेला रंग उद्या काढायला जावं तर काळाठिक्कर होऊन वर येणार.

"आज तुमच्या कपाळावर आईने दिलेला ठिपका आहे," भाची म्हणाली, "मी हात लावला तर माझा डाग होईल." मग तिने कागदावर एका त्वचारोगतज्ज्ञाचं नाव लिहून दिलं. साधं काजळाचं गोंदण लेसरने बऱ्यापैकी जातं, पण आपल्या सावळ्या कातडीला जपून करावं लागतं, बऱ्याच खेपा घालाव्या लागतात, लग्नाच्या आत होणार नाही, हेही सांगितलं.

बाई बराच वेळ कागद हातात घेऊन बसली. मग मला विचारलं, तुम्ही कोणाच्या कोण? मी सांगितलं. बोलता बोलता आजीचा ठिपका निघाला, विभूती निघाली. ती ऐकत होती. "माझ्यावेळी चौघींनी धरलं होतं," एवढंच म्हणाली. स्वतःच्या मुलीला तिने गोंदवलं नव्हतं. नवऱ्याला गेलेलं आठ वर्षं झाली, आणि हा ठिपका राहिला म्हणून कपाळ कधी अगदी ओकं वाटलं नाही, असंही तिने सांगितलं, पण ते भाचीकडे बघून नाही, आरशाकडे बघून. न्यूझीलंडच्या नानैया महुता २०१६ साली हनुवटीवर माओरी गोंदण करून घेऊन पार्लमेंटमध्ये बसल्या आणि २०२० साली त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या, हे मला सांगायचं होतं. सांगितलं नाही. व्याह्यांचा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

ती त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली की नाही, आम्हांला कळलं नाही. दिवाळीनंतर ती परत आली, लग्नाचे लाडू घेऊन. फोन काढून फोटो दाखवले. फोटोंत कपाळावर मोठं कुंकू दिसत नव्हतं, टिकलीही नव्हती. ठिपका होता. हनुवटीवरच्या टिंबांवर मात्र पावडर जरा जास्तच झाली होती. सुनेने लावली, ती म्हणाली.

बोर्ड अजून अर्धाच आहे. वर 'भुवया, ओठ, आयलायनर' एवढं रंगवलेलं. त्याखाली रंगाऱ्याने एका ओळीची जागा सोडलीय. परवा भाचीने विचारलं, "गोंदण बारीक अक्षरांत बरयल्यार?" मी म्हटलं, रंगाऱ्याला विचार, बारीक अक्षरांचे तो किती घेतो.